ताईनं बदललेली तारीख

ताईला नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. तिचा धंदा मोटार शिकवण्याचा. शिकायला कॉलेजातली पोरगी येवो की निवृत्त झालेले हेडमास्तर, पहिल्या दिवशीच सगळे तिला ताई म्हणायला लागत. तीही वयाचा मुलाहिजा न ठेवता हेडमास्तरांना खडसावी, "अहो, क्लच हळू सोडा म्हटलं ना! पाय आहे की खांब?" शिकवण्याच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक होता. समोरच्याची चूक पुरती व्हायच्या आत तिचा पाय त्यावर पडलेला असे. गाडीतून उतरल्यावरही तिची ही सवय जात नसे. कोणाचं काय चुकणार आहे हे तिला आधी दिसे आणि ती मध्ये पडे.

खऱ्या अर्थानं ती एकाचीच ताई होती. तिच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी झालेल्या भावाला सगळे बारक्या म्हणत. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून हे नाव पडलं, आणि पुढं तो दारातून आडवा होऊन आत यावा एवढा वाढला तरी सुटलं नाही. बारक्या एका मोठ्या वसतिगृहाच्या खानावळीत आचारी होता. हातात पळी आणि खांद्यावर फडकं घेऊन चुलीपाशी उभा राहिला की त्याचं निम्मं जेवण चव बघता बघताच होई. कोणी हटकलं तर म्हणे, "जेवत नाहीये हो, तपासतोय!"

आई गेली तेव्हा बारक्या शाळेत होता. "घास खाली जात नाही" एवढंच आई शेवटचे काही महिने म्हणत राहिली, आणि डॉक्टरांना कळलं तेव्हा पोटातला आजार हाताबाहेर गेला होता. तेव्हापासून ताईच बारक्याची आई झाली. लस टोचायची असो की दात काढायचा, आधी ताई पुढं होई. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत ती स्वतः बसे, आ करून दाखवी, उतरे आणि म्हणे, "बघ, काही होत नाही. बस आता." मग बारक्या मुकाट्यानं बसे. ताईचं लग्न करायचं राहून गेलं. बारक्याचं तिनंच लावून दिलं. तो बायको-मुलीसह खालच्या मजल्यावर राही, ताई वरच्या, आणि जेवण सगळ्यांचं खाली, एकाच टेबलावर.

आईनंतर काही वर्षांनी मामा त्याच आजारानं गेला. मग मामेबहिणीला तेच निघालं. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे रक्तातूनच चालत आलेलं दिसतंय, जवळच्या नात्यातल्या सगळ्यांनी तपासून घ्या. बारक्या काही केल्या तयार होईना.

"मला काय धाड भरलीय? दगड पचवतो मी!"

"आईपण असंच म्हणायची," ताई म्हणाली, आणि त्याला गाडीत घालून घेऊन गेली. दोघांनी रक्त दिलं. दोघांच्याही रक्तात तो दोष निघाला.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, बोलायला सरळ, आवाज जरा बसका. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. हा आजार जठराच्या अस्तरात ठिपक्याठिपक्यांनी वाढतो, दुर्बिणीनं बघूनही पुष्कळदा सापडत नाही, म्हणून तो दिसायची वाट न बघता जठरच काढून टाकलेलं बरं, असं त्यांनी सांगितलं.

"अख्खं?" बारक्यानं विचारलं.

"अख्खं."

"मग डॉक्टर, मी जेवलेलं जाणार कुठं?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी कागद पुढं ओढला. अन्ननलिकेचं खालचं टोक आणि लहान आतडं थेट एकमेकांना जोडायचं. पोट उभं चिरायचं नाही. चार-पाच लहान छिद्रांतून, कॅमेऱ्यात बघत सगळं काम करायचं. इतक्या खोल, अडचणीच्या जागी हातानं टाके घालणं जिकिरीचं, म्हणून स्टेपलर वापरतात. कागद जोडायच्या स्टेपलरसारखाच, पण त्याच्या पिना डोळ्याला जेमतेम दिसतील एवढ्या, आणि त्या आयुष्यभर आतच राहतात.

"याच्या दोन तऱ्हा आहेत," त्या चित्र काढत म्हणाल्या. "एक गोल स्टेपलर. दोन्ही तोंडं समोरासमोर आणायची आणि एकदा दाबायचं. कडेनं पिनांचं कडं बसतं, मधला भाग कापून निघतो. जोड सुबक होतो, पण तोंड त्या स्टेपलरच्या मापाएवढंच राहतं. दुसरा सरळ. त्यात नळी आणि आतडं शेजारी शेजारी ठेवून लांबट जोड करायचा. तोंड ऐसपैस मिळतं, पण स्टेपलर आत सरकवायला पाडलेलं भोक नंतर हातानं शिवून घ्यावं लागतं, आणि वर छातीच्या पडद्यापाशी जागा अपुरी पडते."

"यातली चांगली कुठली?" ताईनं विचारलं.

"दोन्ही चालतात, दोन्ही माझ्या हातातल्या आहेत. जास्त बरी कुठली, याचीच आम्ही इथं तुलना करतोय. कुठल्या आठवड्यात गोल आणि कुठल्या आठवड्यात सरळ, हे चिठ्ठी टाकून ठरतं. पेशंटला आधी कळत नाही. नंतर वर्षभर सिस्टर तुम्हाला विचारत राहतील, घास अडकतो का, जळजळ होते का, वजन किती उतरलं. तुम्हाला हे नको असेल तर तसं सांगा, मग मी माझ्या मनानं ठरवेन."

बारक्या म्हणाला, "गोल करा, चौकोनी करा, खालपर्यंत पोचलं म्हणजे झालं!" दोघांनीही होकार दिला.

तारखा मिळाल्या. आधी ताई, पुढच्या आठवड्यात बारक्या. नेहमीसारखंच. बारक्या निर्धास्त होता. "ताई दाखवेल आ करून," असं तो बायकोला म्हणालादेखील.

आणि इथं ताईच्या हातून ते घडलं. तारीख जवळ आली तशी तिची झोप उडाली. गाडीत बसली की पाय गार पडत. आईचं शेवटचं तोंड डोळ्यांपुढं येई. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्या पुढं कोणीतरी असावं. कोणीतरी आधी आत जावं, धडधाकट बाहेर यावं आणि आपण ते बघावं. एका सकाळी तिनं इस्पितळात फोन केला. "आमच्या दोघांच्या तारखा आपसात बदलता येतील का?" पलीकडच्या बाईला त्याचं काहीच वाटलं नाही. तिनं बदलून दिल्या.

खाली येऊन ताई म्हणाली, "अरे, माझ्या पोरींची लायसनची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात आलीय. त्यांना असं वाऱ्यावर कसं सोडू? तू आधी जाशील?"

बारक्या क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जातो की. त्यात काय!" परीक्षा खरंच होती, पण ती ताईच्या मदतनीस बाईनंही सहज सांभाळली असती. हे बारक्याला ठाऊक नव्हतं. ताईला ठाऊक होतं.

बारक्याचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. ताई भेटायला गेली तेव्हा तो सलाइनचा स्टँड ढकलत बोळातून चालत होता, आणि प्रत्येक नर्सला विचारत होता की इथला स्वयंपाकी कोण आहे, मला त्याच्याशी जरा बोलायचंय. ताईचा जीव भांड्यात पडला. आपण भ्यायलो होतो हेसुद्धा ती त्या दिवशी विसरली, आणि तिची पाळी आली तेव्हा ताठ मानेनं आत गेली. तिचंही नीट झालं. दोघांनाही औषधी द्रव प्यायला देऊन एक्स-रे काढले. दोघांचेही जोड पक्के होते, कुठं गळती नव्हती. काढलेल्या जठरांची तपासणी झाली तेव्हा बारक्याच्या अस्तरात आजाराचे दोन-तीन ठिपके सापडले, अगदी बारीक. ताईच्यात काहीच सापडलं नाही. "वेळेवर काढलंत," डॉक्टरीणबाई बारक्याला म्हणाल्या. "आता त्याचं नाव काढायचं नाही."

घरी आल्यावर नवा संसार सुरू झाला. एकेक वाटीचं जेवण, दिवसातून सहा-सात वेळा. जेवताना पाणी प्यायचं नाही. गोड जरा जास्त झालं की घाम फुटे, छाती धडधडे आणि आडवं व्हावं लागे. बारक्याच्या बायकोनं दोघांसाठी सारख्याच छोट्या वाट्या आणल्या, आणि दोघं समोरासमोर बसून लहान मुलांसारखी जेवत. बारक्या म्हणे, "बघ ताई, जन्मभर मला बारक्या म्हणालात, आता झालो एकदाचा."

पण हळूहळू एकाची वाटी रिकामी व्हायला लागली आणि दुसऱ्याची तशीच राहायला लागली. ताई आधी पातळ भातावर आली, मग उकडलेल्या अंड्यावर, मग पावावर. बारक्या मात्र सूपच्या पुढं सरकेना. घास गिळला की तो छातीच्या मध्यावर हात ठेवून थांबे. चेहरा लाल होई, डोळ्यांत पाणी येई. मग खुर्ची मागं सरके आणि तो बेसिनकडे जाई. तिथून ओकारीचे आवाज येत आणि टेबलावर सगळ्या जणी आपापल्या ताटाकडे बघत बसत. एकदा त्यानं स्वतः केलेल्या बटाट्याच्या सूपमध्ये चुकून एक फोड राहिली होती. तेवढ्या फोडीनं त्याची दुपार गेली.

ताईनंच त्याला इस्पितळात नेलं. दुर्बीण घालून बघितल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "जोडाचं तोंड आवळलंय," त्या म्हणाल्या. "जखम भरताना कडं आकसतं कधी कधी. फुगा घालून रुंद करावं लागेल. एकदा केल्यानं भागेल असं नाही, पुन्हा पुन्हा करावं लागेल."

"पण माझं तर नीट आहे," ताई म्हणाली. "आम्ही दोघं एकाच आईची, डॉक्टर तुम्हीच, महिनाही तोच."

"त्यांचा गोल आहे, तुमचा सरळ. गोल जोडात हे जरा जास्त होतं, असं आम्हाला वाटायला लागलंय. तुलना पूर्ण झाल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही."

त्या आत निघून गेल्या. ताई बाकावर बसली. बारक्याचा आठवडा गोल होता. पण तो आठवडा बारक्याचा नव्हताच. तिचा होता. ती भ्याली नसती तर ते कडं तिच्या गळ्याखाली बसलं असतं आणि बारक्या आज चुलीपाशी उभा राहून बटाट्याची फोड चाखत असता. खाणं हेच ज्याचं काम, त्याच्या घशाला आपण फास लावला, असं तिला वाटलं. तारीख बदलताना यातलं काही माहीत नव्हतं, हेही तिला कळत होतं. पण त्यानं तिला सुटल्यासारखं वाटेना. भ्यायली होती हे तर खरं होतं, आणि खोटं कारण सांगून धाकट्या भावाला पुढं ढकललं होतं हेही खरं होतं. दैवानं त्यावर एवढं मोठं व्याज चढवलं, तरी मुद्दल तिचंच होतं.

फुगा झाला. आठवडाभर बारक्या मऊ भात खाऊ शकला, मग पुन्हा घास अडायला लागला. पुन्हा फुगा. खानावळीत त्याच्या जागी दुसरा आचारी लावला गेला, आणि बारक्या कामावर रुजू झाला तेव्हा त्याला भाज्या निवडायला बसवलं. त्यानं हसून घेतलं. वजन इतकं उतरलं की शर्ट खुंटीवर टांगल्यासारखे दिसायला लागले.

ताईनं त्याच्यासमोर जेवणं कमी केलं. आधी नुसता घास चघळत बसे. मग तिनंही मध्येच थांबून छातीवर हात ठेवायला सुरुवात केली.

"तुलाही अडकतं?" बारक्यानं विचारलं.

"थोडंसं," ताई म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटली, पण त्या काळजीआड किंचित सोबत मिळाल्याचं समाधानही होतं. तेवढ्यावर ताई विकली गेली. दुसऱ्या दिवसापासून तिला थोडंसं रोजच अडकायला लागलं. भावजय दोघांनाही सूप वाढायला लागली.

इस्पितळातली तरुण सिस्टर ठरलेल्या दिवशी दोघांना शेजारी बसवून तेच प्रश्न विचारी. "घास अडकतो का?" बारक्या म्हणे, "रोज." मग सिस्टर ताईकडे वळे. भाऊ शेजारी बसलेला असताना ताईच्या तोंडून "नाही" निघत नसे. "अडकतो," ती म्हणे. "पाण्याबरोबर ढकलावा लागतो का?" "लागतो." सिस्टर मान डोलावून पुढं जाई. आपण कोणाचं काही बिघडवतोय असं ताईला वाटत नव्हतं. उलट आपला वाटा आपण उचलतोय, असंच वाटे. पोट भरलेलं नसलं की मन जरा हलकं राही.

पण माणसाचं शरीर असल्या हिशेबांना दाद देत नाही. एका दुपारी एक नवी बाई गाडी चालवत होती आणि ताई शेजारी बसली होती. पुढं एक सायकलवाला आडवा आला. ताईचा पाय ब्रेककडे गेलाच नाही. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती. बाईनं मात्र व्यवस्थित गाडी थांबवली आणि कौतुकाच्या अपेक्षेनं बाजूला बघितलं, तर ताईची मान खिडकीला टेकलेली. तिनं आरडाओरडा केला, कोणीतरी पाणी आणलं, आणि थोड्या वेळानं शिकाऊ बाईच ताईला घेऊन कशीबशी इस्पितळात पोचली. सगळ्या रस्ताभर पहिल्या गिअरमध्ये.

ताईचं वजन धोक्याच्या पातळीखाली गेलं होतं. घास अडकत असल्याचं ती कितीतरी दिवस सांगत होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिलाही दुर्बिणीसाठी आत घेतलं. बाहेर आल्यावर त्यांनी खुर्ची तिच्या पलंगाजवळ ओढली आणि बसल्या.

"तुमचा जोड इतका मोकळा आहे की दुर्बीण आपोआप खाली गेली," त्या म्हणाल्या. "काहीही अडकायचं कारण नाही. आता मला खरं काय ते सांगा."

ताईनं सांगितलं. तारखेपासून सगळं सांगितलं. 

 डॉक्टरीणबाई समजूत घालतील असं ताईला वाटलं होतं. त्यांनी घातली नाही.

"बाई, तुम्ही मला अडकतं म्हणालात. ते उत्तर सरळ जोडाच्या खात्यात गेलं. तुमच्यासारखं आणखी एखाद्यानं केलं की आम्ही म्हणणार, दोन्ही सारखेच, काही फरक नाही. मग आम्ही गोल करत राहणार. उद्या कोणाचा तरी भाऊ तुमच्या भावासारखा बेसिनपाशी उभा राहणार, आणि तुम्हाला ते कळणारसुद्धा नाही."

ताईनं डोळे मिटून घेतले. भावासाठी म्हणून केलं आणि तेही दुसऱ्यांच्या गळ्याशी आलं.

"आणि तारखेचं?" तिनं हळूच विचारलं. "मी बदलली नसती तर?"

"तर तुमचा गोल झाला असता आणि त्यांचा सरळ. ते नाकारून मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. पण गोल झालेल्यांतल्या बहुतेकांचं काही आवळत नाही, ते आरामात जेवतात. तुमचा आवळला असता की नसता, कोणी सांगू शकत नाही. त्याची शिक्षा उपाशी राहून तुम्ही घेऊ नका, मला तुमच्यावर पुन्हा इलाज करायला लावाल." त्या उठल्या. "सिस्टरला पाठवते. तिला खरी उत्तरं द्या. आणि भावाला सांगा. मी सांगणार नाही, ते माझं काम नाही."

सिस्टरला खरी उत्तरं देणं सोपं गेलं. तिनं आधीची उत्तरं रद्द करून त्याचं कारणही नोंदवलं, आणि ताईकडे अशा नजरेनं बघितलं की त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं, असं ताईला वाटलं.

बारक्याला सांगायला मात्र तिनं फार दिवस लावले. शेवटी एका दुपारी ती खानावळीत गेली. मागच्या बाजूच्या मोठ्या मोरीपाशी बारक्या स्टुलावर बसून गाजरं सोलत होता. आत नवा आचारी भांडी आपटत होता. ताई दुसऱ्या स्टुलावर बसली, एक चाकू उचलला आणि गाजर सोलत सोलत, त्याच्याकडे न बघता बोलली. परीक्षा हे निमित्त होतं, मी भ्याले होते, तू आधी जाऊन बघावंस म्हणून तारीख बदलली. तो गोल जोड माझा होता. आणि माझं काही अडकत नाही. कधीच अडकलं नाही.

बारक्याचे हात थांबले.

"कधीच नाही?"

"नाही."

"म्हणजे तू छातीवर हात ठेवून बसायचीस ते..."

ताईनं मान हलवली.

"मी तुझ्यासाठी सूप गाळून ठेवत होतो," बारक्या म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण ताईनं तो असा कधी ऐकला नव्हता. "मला उभं राहवत नव्हतं आणि मी तुझं सूप गाळत होतो. दोनदा गाळायचो, तुझ्या घशात कण जाऊ नये म्हणून."

"चुकलं माझं."

"तारखेचं सोड. गोल का सरळ, ते काय तुला माहीत होतं? पण भीती वाटत होती तर सांगायचं होतंस ना! मी काय हसलो असतो? ताईला भीती वाटत नाही, या एका भरवशावर मी आयुष्यभर खुर्चीत बसत आलो. मलाही वाटत होती भीती. आपण दोघं मिळून घाबरलो असतो."

तो उठला, सोललेली गाजरं आत घेऊन गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. ताई थोडा वेळ थांबली आणि सालपटं गोळा करून निघाली.

त्यानंतर पुष्कळ दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. फुग्याच्या दिवशी ती खाली गाडी काढून उभी राही, तो मागच्या सीटवर बसे आणि खिडकीबाहेर बघे. जेवायला ती वरच थांबे. भावजय ताट घेऊन वर येई आणि दारातच म्हणे, "ताई, मी तुमची बाजू घेत नाहीये. पण तुम्ही जेवला नाहीत असं कळलं तर मी त्यांना सांगेन, आणि मग तुमचं तुम्ही बघा." ताई जेवे. पोटभर जेवे, आणि पोट भरलं की तिला रडू येई.

फुगे हळूहळू लांबणीवर पडत गेले. आधी पंधरवड्यानं लागत, मग महिन्यानं, मग एक वेळ अशी आली की बारक्यानं पावाचा तुकडा चावून चावून खाल्ला आणि तो खाली गेला. भावजय जिना चढून सांगायला आली, पण ताईनं आधीच ऐकलं होतं. बारक्याची मुलगी खाली टाळ्या वाजवत होती. खानावळीतही त्याला पुन्हा चुलीपाशी घेतलं, अर्धवेळ. तुलना पुरी झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बोळात भेटल्यावर सहज सांगितलं, "गळती दोन्हीकडं सारखीच, फार थोडी. आवळणं मात्र गोलमध्येच जास्त. आता आम्ही शक्यतो सरळ करतो, वर जागाच नसली तर गोल." बारक्यानं विचारलं, "मग आमचा काही उपयोग झाला म्हणायचा?" त्या म्हणाल्या, "झाला." आणि ताईकडे बघून, "दोघांचाही. उशिरा का होईना."

परत येताना तो पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसला. बराच रस्ता गेल्यावर म्हणाला, "माझ्यात ठिपके होते, तुझ्यात नव्हते. म्हणजे तू आधी मला ढकललंस ते बरंच झालं म्हणायचं."

"एका आठवड्यानं काय फरक पडतो, बारक्या?"

"काही नाही पडत. मलाही कळतं. पण तुझ्या त्या एका आठवड्याचं ओझं तू वाहतेस, तर माझ्या वाट्याचा एक आठवडा मलाही मोजू दे की." तो थांबला. "माझा राग गेलाय असं समजू नकोस. थोडा आहे. जाईल."

"असू दे."

"आणि रविवारपासून खाली जेवायचं. माझ्यासमोर. जे मला जात नाही तेसुद्धा. ही तुझी शिक्षा."

शिक्षाच होती ती. रविवारी बारक्या स्वतः रांधे आणि तिच्यासमोर बसे. त्याच्या ताटात मऊ, तिच्या ताटात भाजलेलं, कुरकुरीत, कडक, त्याला अजून न पेलणारं सगळं. ती पहिला घास उचले तेव्हा हात जड होई. अपराध्यासारखं वाटणं काही गेलं नव्हतं, आणि ते जावं असा हट्टही तिनं सोडला होता. तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राही आणि विचारी, "कसं झालंय? खरं सांग."

ती सावकाश चावे, गिळे. घास कुठंही न अडता खाली जाई.

"वरून थोडं करपलंय," ती म्हणे.

"वाटलंच मला," बारक्या म्हणे, आणि दुसरा तुकडा तिच्या ताटात वाढे.